पाठीवरचा चेंडू

'कै. हयवदन यांचे पितृकार्याच्या पूर्वसंध्येस, संस्थेच्या निवासात, निद्रावस्थेत, कोणतीही यातना न होता देहावसान झाले. त्यांच्या आजारासाठी आवश्यक साहित्य कुटुंबाने सोबत दिलेले नव्हते, याची नम्र नोंद घ्यावी.'

संस्थेने समाजाच्या मासिकात छापलेला हा मजकूर श्रीविद्येने पुन्हा पुन्हा वाचला. ती महाविद्यालयात इतिहास शिकवत असे. राजाने दान दिले असे शिलालेख सांगू लागला की जमीन आधी कोणाची होती, हे विचारण्याची तिला सवय होती. इथे दान मृत्यूचे होते. पहिल्या वाक्याने मृत्यू पवित्र केला होता आणि दुसऱ्याने त्याचा दोष अनुसूयेच्या, म्हणजे तिच्या आईच्या, पदरात अलगद टाकला होता. शोकप्रस्तावात नम्र नोंद कशाला लागते? मृतासाठी तर नक्कीच नाही.

'कोणतीही यातना न होता' हे शब्द ज्याने लिहिले, त्याने तिच्या वडिलांना झोपलेले कधी पाहिले नसावे. हयवदनांना झोपेत श्वास अडण्याचा विकार होता. उताणे पडले की घसा आतून मिटे. घोरणे चढत जाई आणि मध्येच तुटे. मग छाती बंद दारावर धडका दिल्यासारखी उसळत राही, आणि अखेर बुडता माणूस वर यावा तसा त्यांचा श्वास परत येई. याला शांत झोप म्हणायचे, तर पुरालाही शांत पाणी म्हणता येईल.

डॉक्टरांनी आधी मुखवट्याचे यंत्र दिले होते. हयवदन ते झोपेतच ओरबाडून काढत. पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसले की कुशीवर असताना त्यांचा श्वास जवळजवळ अडत नाही. यंत्र सोडायला डॉक्टर राजी झाले, पण अटी घालून: झोपायचे ते कुशीवरच, डोके उंचावर, आणि झोपेची गोळी आयुष्यात घ्यायची नाही. मग अनुसूयेने दोन जुन्या बनियनांना मागून, खवाट्यांच्या मधोमध, खिसा शिवला आणि त्यात टेनिसचा चेंडू बसवला. उताणे व्हायला जावे की चेंडू टोचे आणि माणूस झोपेतच परत कुशीवर वळे. गांधी बझारातल्या गादीवाल्याकडून उतरता फोमचा उसा, डोके उंच ठेवणारी मोठी उशी, करून आणला. वीज मंडळातून निवृत्त झालेले हयवदन शेजाऱ्यांना सांगत, की नोकरीत सगळे पाठीत मारायचे, बायकोने मात्र शिवून मारले. थोरले बंधू श्रीहर्ष, म्हणजे श्रीविद्येचे दोड्डप्पा, त्यांना कूर्मावतार म्हणत. हयवदनही हसत. अण्णाच्या विनोदाला न हसणे त्या घरात बसत नव्हते, आणि अण्णाचा शब्द मोडणे तर त्याहून नव्हते.

वडिलांचे श्राद्ध दोघे भाऊ दरसाल बसवनगुडीतल्या त्या संस्थेत करत. यंदा संस्थेने जुना नियम नव्याने कडक केला होता: कर्त्यांनी आदल्या संध्याकाळपासून मडीत, म्हणजे सोवळ्यात, राहायचे, अंगावर शिवलेले वस्त्र चालणार नाही. अनुसूयेने पिशवी भरून दिली आणि दुसऱ्या दिवशी पिशवीच परत आली. उसा आत होता, बांधलेल्या फडक्याची गाठही सुटलेली नव्हती. बनियन नव्हते.

तेव्हापासून अनुसूया एकच वाक्य बोलत होती. "मीच विसरले गं." बनियन घडी करून ठेवल्याचे तिला आठवत नव्हते, आणि जे आठवत नाही ते केलेच नाही, असा निवाडा तिने स्वतःविरुद्ध देऊन टाकला होता. जेवण तिने सोडले नव्हते, पण पानावर बसली की घास हातातच राही. श्रीविद्येला दिसत होते की वडिलांच्या मागोमाग आईही जाणार आहे. फक्त सावकाश, आणि अपराधी म्हणून.

तिने कपाट उपसले. एक बनियन दोरीवर वाळत होते, तेही तेव्हापासून कोणी काढले नव्हते. दुसरे घरात कुठेही नव्हते. जी वस्तू घरी नाही आणि पिशवीतही नाही, ती विसरलेली नसते, नाहीशी केलेली असते. एवढा तर्क करायला विद्वत्ता लागत नाही. पण दुःखाला तर्क सुचत नाही, आणि ज्यांना सुचला असता ते मासिकाला मजकूर पाठवण्यात गुंतले होते.

संस्थेचा व्यवस्थापक गुरुप्रसाद याने तिला कॉफी दिली आणि मृत्यू किती पुण्याचा होता हे सांगितले. तिने फक्त बनियनबद्दल विचारले. तो घुटमळला.

"अक्का, रूल म्हणजे रूल. शिवलेलं आत चालत नाही. तरी पेशंट आहेत म्हटल्यावर मी स्वल्प अ‍ॅडजस्ट केलं असतं. पण तुमच्या दोड्डप्पांनीच पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, हे ओवळं बाहेर टाका. झाडूवालीनं कचऱ्यात घातलं."

"आणि साहित्य दिलं नव्हतं, हे वाक्य?"

"तेही त्यांनीच सांगितलं. बरं, सरी म्हणून छापलं."

तेराव्या दिवशीची समाराधना घरीच होती. पंगत उठली, केळीची पाने उचलली गेली आणि हेब्बाळहून आलेले श्रीहर्ष दिवाणखान्यात आराम खुर्चीवर बसून नातलगांना सांगू लागले, की असे मरण योग्यांना येते. मृत्यूचे वर्णन करताना त्यांचा आवाज फार गोड होत असे. जिवंत माणसाशी बोलताना तो तसा झाल्याचे श्रीविद्येला आठवत नव्हते. त्यांची चुलत बहीण मथुरा अनुसूयेजवळ सरकली आणि मायेनेच म्हणाली, "तू तरी काय करणार, होतं असं. विसरलीस, एवढंच."

अनुसूयेने मान डोलावली. "हो, अक्का. मीच विसरले."

श्रीहर्षांनी ते ऐकले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

श्रीविद्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आवाज तिने चढवला नाही. वर्गात उत्तरपत्रिका परत देताना जसा असे, तसाच तो होता. गुरुप्रसादाने सांगितलेले सगळे तिने, त्याचे शब्द न बदलता, सर्वांदेखत सांगितले. खोलीत कोणीतरी वाटी ठेवली, तिचा आवाज झाला.

"अम्मा विसरली नव्हती, दोड्डप्पा," ती म्हणाली. "एवढं तुमच्या तोंडून हवं. बाकी काही नको."

श्रीहर्षांनी आधी शास्त्र काढले. मडीत तडजोड करायची तर पितरांना बोलवायचेच कशाला, असे विचारले. श्रीविद्येने सांगितले की आजाऱ्याला सवलत ही शास्त्राने स्वतःच दिलेली गोष्ट आहे. ती तुम्हाला ठाऊक नाही असे मी मानत नाही, कारण गुडघेदुखी सुरू झाल्यापासून तुम्ही स्वतः श्राद्धाला खुर्चीवर बसता. कोणीतरी हसू दाबले. मग श्रीहर्षांनी नियती काढली, वय काढले, हृदय काढले. प्रत्येकाला ती हो म्हणत गेली आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न तितक्याच सौम्यपणे पुन्हा समोर ठेवत गेली. शेवटी काढायला काही उरले नाही.

अनुसूया उठून उभी राहिली होती. भिंतीला हात टेकून ती दिराकडे पाहत होती. रागाने नव्हे, तर वैद्याच्या तोंडाकडे पाहावे तशी.

"भावजी," ती म्हणाली, "मी दिलं होतं का?"

श्रीहर्षांनी तिच्याकडे पाहिले नाही. खुर्चीच्या हातावर बोट फिरवत, कोणाला तरी हिशेब समजावून सांगावा अशा स्वरात ते बोलले.

"दिलं होतंस. वरच ठेवलं होतंस, घडी करून. मीच काढलं. तो म्हणाला, अण्णा, मग उपरण्याला गाठ मारून पाठीशी बांधतो, गाठीला शिवण कुठे असते. मी म्हटलं, वडिलांच्या कार्याला आलायस की सोंग करायला. गप्प उताणा पड. त्याला झोप येईना, तळमळत होता, म्हणून माझी गोळी दिली. नको म्हणाला. मी म्हटलं, घे. मग घोरायला लागला, इतका की मला डोळा लागेना. थोड्या वेळानं ते थांबलं. एकदम थांबलं. मी मनात म्हटलं, सुटलो, आणि कुशीवर वळून झोपलो."