सुकलेलं लिंबू

मुरगूडच्या बसलिंगाप्पांनी आतल्या कोंबड्या हाकलून मला त्यांची दुर्मीळ मॉरिस मायनर भंगाराच्या भावात दिली. ती टेम्पोतून दारात उतरली, तेव्हा शेजारच्या धोंडुबाईंनी चाकाखाली पूजेचं लिंबू ठेवलं. पण गाडी सुरूच झाली नाही. लिंबू तिथंच सुकलं.

“मास्तर, पुस्तक वाचून गाडी चालू हुत न्हाय की!” त्या रोज म्हणायच्या.

मलाही तसंच वाटायचं. तरीही माहितीपुस्तक उघडं ठेवून महिनाभर मी एकेक भाग साफ करून परत बसवला.

आज हँडल मारलं. चौथ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं. मी घाईनं आत बसलो.

“थांबा, ताजं लिंबू आणतो!” धोंडुबाई ओरडल्या.

“नको!” मीही ओरडलो. “हेच चिरडणार.”

चाकाखाली ते कडकन फुटलं.