पाचव्या शीलाआधी

भागीरथीबाईंना घर सोडायला वीस दिवस उरले होते आणि कुठे जायचं ते त्या सांगत नव्हत्या.

अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मागची त्यांची चाळ पाडून तिथे इमारत उठणार होती. जायला दोन घरं होती. लेक नेत्रा उल्हासनगरला राहायची, चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. मुलगा सम्यक बदलापूरच्या कडेला, खरवईत, नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर. तिथे दोन लिफ्ट, चोवीस तास पाणी, खिडकीतून डोंगर. भागीरथीबाईंच्या गुडघ्यांना विचारलं असतं तर त्यांनी खरवईच म्हटलं असतं. पण भागीरथीबाई गुडघ्यांचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

"वर्षावासाचं वाचन एका रविवारी तुझ्याकडे ठेवू," त्या सम्यकला फोनवर म्हणाल्या. "आमच्या बायका येतील. घर बघू, मग बोलू."

पावसाळ्यात वस्तीतल्या बायका असं घरोघरी जमून धम्मग्रंथ वाचत. आधी त्रिशरण आणि पंचशील, मग वाचन, मग खीर. रिवाज जुना होता. पण 'घर बघू' म्हणजे फरशी आणि पडदे बघू असं नव्हे, हे सम्यकला बरोबर कळलं. त्याचे वडील, रामभाऊ, हातभट्टीनं गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याच्याही आधी आईनं आणि तिच्या मैत्रिणींनी नाल्याकाठच्या भट्ट्यांवर दगड घेऊन जाऊन पिंपं फोडली होती. ज्या छपराखाली दारू आहे तिथे मी पाठ टेकणार नाही, असं ती नवरा गेल्यापासून म्हणे, आणि म्हणून थांबत नसे. एकदा सख्ख्या भावाकडे पाहुणी गेली असताना फ्रिजमध्ये बाटली दिसली, तर जेवली, ताट घासलं आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन झोपली.

आणि सम्यकच्या घरात जांभळाच्या वाइनच्या बावीस बाटल्या होत्या.

सम्यक अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीत नेटवर्क इंजिनिअर होता. कंपनीतली सगळी यंत्रं, कॅमेरे, फोन, गेटवरची हजेरी, सगळं ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतं त्या तारांचं आरोग्य सांभाळायचं हे त्याचं काम. ते नीट चाललं की त्याचं नावही कुणाला आठवत नसे. बिघडलं की पहिला फोन त्यालाच. बारा वर्षं हे करून त्याला एक सवय लागली होती. शांतता असली की त्याला बरं वाटत नसे. काहीतरी बंद पडलंय आणि आपल्याला अजून कळलेलं नाही, असं वाटत राही.

सोसायटीतही त्याला तसंच वाटे. गेटवरच्या ॲपवर कोण कधी आलं, कुणाचा डबा, कुणाचं पार्सल, सगळं फोनवर यायचं. समोरच्या घरात चार वर्षं राहणाऱ्या माणसाचं नाव मात्र त्याला दारावरच्या पाटीवरून माहीत होतं. चाळीत असताना आईला नळावर उभ्या उभ्या पंचवीस घरांची खबर लागायची, आणि तिथे कुणी दोन दिवस दिसलं नाही तर दार वाजवलं जायचं. इथे कुणी दिसलं नाही तर ॲपवर काहीच यायचं नाही, आणि काहीच आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं सगळे धरून चालायचे. नव्या मुलांना शिकवताना तो हेच बजावायचा. "उत्तर आलं नाही म्हणजे सगळं शांत आहे, असं कधी धरू नका. शून्य आलं तर ते शून्य. काहीच आलं नाही तर जाऊन बघा."

वाइनचं वेड लॉकडाऊनमध्ये लागलं. आधी पाव झाला, मग अननसाचा आंबवलेला रस, मग हळूहळू काचेचा वीस लिटरचा बुधला, त्याच्या तोंडाला पाण्याची वाकडी नळी. आतला वायू नळीतून बुडबुडा होऊन बाहेर यायचा, बाहेरची हवा आत जायची नाही. तो बुडबुडा ऐकत बसायला त्याला फार आवडे. दिवसभर जी यंत्रं तो सांभाळायचा ती बघून कळत नसत. इथे निदान काहीतरी डोळ्यांसमोर उकळत होतं. तो स्वतः जेमतेम अर्धा पेला घ्यायचा. परवान्याशिवाय हे करणं कायद्यात बसत नाही हेही त्याला ठाऊक होतं, आणि नशा न करण्याच्या पाचव्या शीलात तर मुळीच बसत नव्हतं. "गाळत तर नाही ना, आंबवतोय," असं तो बायकोला सांगायचा. प्रीती पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, तिला असल्या शब्दांचं कौतुक नव्हतं.

"आईंना सांग हं हा फरक," ती म्हणायची. "त्या पिंपं फोडायच्या आधी विचारायच्या ना, गाळीव की आंबीव?"

यंदा जून महिन्यात त्यानं जांभळं आणली आणि नळीला एक छोटा सेन्सर लावला. तो बुडबुडे मोजून घरच्या वायफायवरून फोनवर आकडा पाठवायचा. मिनिटाला तीस, वीस, अकरा, सात. मग एका दिवशी शून्य. सलग चार दिवस शून्य. आंबणं संपलं, असं ठरवून त्यानं वाइन बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत भरली आणि घट्ट बुचं दाबली.

रविवार जवळ आला तशी प्रीती मागे लागली. "जितेशकडे ठेवून ये ना."

जितेश हा त्याचा उल्हासनगरचा सहकारी. तो तयारही होता, "ला यार, माझ्या गोडाऊनमध्ये पडून राहतील," म्हणाला होता. पण बाटल्या गाडीत हलतील, गाळ वर येईल, असं म्हणत सम्यक टाळत राहिला. शेवटी शनिवारी त्यानं त्या हॉलमधल्या दिवाणाच्या पोटात आडव्या रचल्या, वर गोधड्या घातल्या, फळी बसवली, गादी पसरली.

"चार तासांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला.

"आई कायमच्या आल्या तर?" प्रीती म्हणाली. "मग किती तासांचा?"

 आई हवी होती, हे खरं होतं. बाटल्याही हव्या होत्या, हेही खरं होतं. आठवडाभर तो या दोन्हींच्या मधे येरझाऱ्या घालत होता.

रविवारी अकरा वाजता पांढऱ्या साड्यांतल्या नऊ बायका आल्या. "जयभीम, जयभीम," करत चपला निघाल्या. टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, मेणबत्त्या होत्या, प्रीतीनं हार केला होता. भागीरथीबाईंनी स्वयंपाकघर बघितलं, बाल्कनी बघितली, फ्रिज उघडून बघितला आणि बंद केला. तोंडावरून काही कळेना. खाली सतरंजी होती, पण गुडघ्यांची तक्रार असलेल्या चौघी दिवाणावर बसल्या. मधोमध मालिनीताई, भट्ट्या फोडण्याच्या काळापासूनची आईची मैत्रीण, अंगानं भरलेली आणि जिभेनं त्याहून.

"सम्यक बाळा, तुझं ते वायफाय दे रे," मालिनीताई म्हणाल्या. "नातीला व्हिडिओवरून दाखवायचंय. माझ्या मोबाइलला इथे काही धरत नाही."

त्यानं फोन काढला. घरच्या नेटवर्कवर कोण कोण जोडलंय त्याची यादी समोर आली. टीव्ही, प्रीतीचा फोन, त्याचा लॅपटॉप, आणि आता मालिनीताई. यादी वाचताना त्याचा अंगठा थांबला. बुडबुड्यांचा सेन्सर यादीत नव्हता.

बाटल्या भरून झाल्यावर त्यानं तो काढला नव्हता, कपाटात लपवलेल्या बुधल्याला तसाच राहिला होता, दिवाही लागलेला होता. मग यादीत का नाही? आणि मग त्याला आठवलं. शेजारचे कुणीतरी आपलं नेट वापरतात म्हणून त्यानं वायफायचा पासवर्ड बदलला होता. सगळीकडे नवा टाकला, सेन्सरमध्ये टाकायचा राहिला. तारीख? त्यानं बघितली. ज्या दिवशी पासवर्ड बदलला, त्याच दिवसापासून शून्य.

ते शून्य आलेलंच नव्हतं. सेन्सरकडून काहीच आलं नाही तर तिथे शून्य लिहायचं, असं त्यानंच स्वतःच्या हातानं ठरवून दिलं होतं. मिनिटाला सात बुडबुड्यांवर जी वाइन होती ती त्यानं घट्ट बंद करून श्रावणातल्या दमट घरात दोन आठवडे ठेवली होती. आत साखर होती, यीस्ट जिवंत होतं, आणि बाटल्या काचेच्या होत्या.

त्यांच्यावर चार म्हाताऱ्या बसल्या होत्या.

भागीरथीबाईंनी हात जोडले. वंदना सुरू झाली. एका सुरात शरण गेल्याचे शब्द उठले. सम्यक दाराशी हात जोडून उभा होता आणि मनात हिशेब मांडत होता. संपायला पाच मिनिटं. मग खीर द्यायच्या निमित्तानं सगळ्यांना सतरंजीवर आणता येईल. इतके दिवस काही झालं नाही, पाच मिनिटांत काय होणार? पहिलं शील आलं. कुणाही जिवाला इजा करणार नाही. त्याचे ओठ हलत होते. दुसरं. तिसरं. मालिनीताईंनी दिवाणावर बूड सावरलं आणि फळी करकरली. चौथं, खोटं न बोलण्याचं.

"जरा उठता का?" तो म्हणाला.

वंदना थांबली. पंचशील म्हणताना मधे कुणी बोलत नसतं. नऊ तोंडं त्याच्याकडे वळली.

"दिवाणाचा पाय मोडलाय," तो म्हणाला. "खाली बसा तुम्ही सगळ्या."

"बाई गं," मालिनीताई हसल्या. "आमच्या वजनाला भ्यायला होय! अरे, आम्ही ऑर्डनन्सच्या दवाखान्यातल्या खाटांवर बाळंतपणं काढली. तुझा पाय मोडेल, दिवाणाचा नाही."

बायका हसल्या आणि कुणीही हललं नाही. "बस आता गप," कुणीतरी म्हणालं. भागीरथीबाईंनी पुन्हा हात जोडले. पाचवं शील म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"आई," सम्यक म्हणाला, "दिवाणात दारूच्या बाटल्या आहेत. मी केलेल्या. त्या फुटतील. उठा."

आता मात्र चौघी उठल्या. गुडघे बिडघे विसरून उठल्या. प्रीतीनं दोघींना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. शेवटच्या मालिनीताई दारात पोचतात तोच दिवाणाच्या पोटात दणका झाला, गादी उचलल्यासारखी वाटली, लागोपाठ दुसरा. फळीच्या फटीतून जांभळं पाणी फरशीवर आलं, आणि त्यामागून वास आला.

 मग आतून मालिनीताईंचा आवाज आला.

"भागाताई, आपण भट्टी फोडायला नाल्यावर जात होतो. आज भट्टीवर बसून वंदना केली गं!"

एकीला हसू आलं, मग दुसरीला. भागीरथीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला.

"गोधडी भिजवून आण," त्या सम्यकला म्हणाल्या. "उघड्या हातानं फळी उचलू नकोस. तोंड बाजूला ठेव. पिंपाचं झाकण कसं काढतात ते मला विचार."

वीस बाटल्या त्यांनी एकेक करून ओल्या गोधडीत गुंडाळून न्हाणीघरात नेल्या. बूच उघडलं की फेस छतापर्यंत जायचा. सम्यकचा शर्ट जांभळा झाला. आई शेजारी उभी राहून गोधडी धरत होती.

"कशाची आहे?" तिनं मधेच विचारलं.

"जांभळाची."

"जांभळं चांगली होती?"

"टपोरी होती. मुळगावची."

"मग खायची होतीस," ती म्हणाली आणि पुढची बाटली त्याच्या हातात दिली.

सगळं मोरीत वाहून गेल्यावर बायका आतल्या खोलीत पुन्हा बसल्या. पंचशील पहिल्यापासून घ्यायचं ठरलं. सम्यक ओल्या कपड्यांनी दारात उभा राहिला. आई हळूच म्हणाली, "पाळणार असशील तर पाचवं म्हण. नाहीतर गप्प राहा. नुसतं तोंडानं म्हणून चौथं मोडू नकोस."

पाचवं आलं तेव्हा तो गप्प राहिला. आईनं त्याच्याकडे बघितलं नाही. वाचन झालं. खीर झाली. मालिनीताईंनी दोनदा घेतली.

निघताना तो लिफ्टपर्यंत गेला. बायका आत शिरत होत्या.

"आई, मी सोडतो हे सगळं. बुधला उद्याच भंगारात देतो. तू ये इथे."

"मी नेत्राकडे जाते," भागीरथीबाई म्हणाल्या.

"सोडतो म्हटलं ना."

"तुझ्या वडलांनी माझ्यासाठी सहा वेळा सोडली होती," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं. "तू त्यांच्यासारखा नाहीस, मला दिसतंय. त्यांना कुणाला उठा म्हणायचं सुचलं नसतं. पण तो वास आला ना, की मी अजून दाराची कडी बघते. तू चांगला असून मी जागी राहणार. कशाला तुझी झोप घालवू?"

"चार मजले, आई. लिफ्ट नाही."

"हळूहळू चढेन. घाई कुठली आहे मला?"

"भागाताई, दरवाजा माझ्या कमरेला लागतोय गं," आतून मालिनीताई ओरडल्या. भागीरथीबाई आत गेल्या आणि तिथून वळल्या.

"नेत्राच्या जिन्याचा कठडा हलतोय. तिचा नवरा आज करू, उद्या करू करतोय. मी जायच्या आधी तेवढा घट्ट करून दे."

"कुठल्या मजल्यापासून?"

"तिसऱ्यापासून वर. आणि धरून चढता येईल असा कर, नुसता दिसायला नको."

लिफ्टचा दरवाजा बंद झाला. सम्यक तिथेच उभा राहून खाली उतरणारे आकडे बघत राहिला, आणि तळमजला आल्यावर ड्रिल मशीन कुणाकडून मागून आणायचं याचा विचार करत घरात गेला.