पांढरी पापणी

पापणी अंगठ्यानं खाली ओढली आणि आत... पांढरं. गुलाबी नाही, फिकट गुलाबीसुद्धा नाही—धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखं. तांबडी शेळीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती, पोटात करडं होती, आणि थोरलीच्या मनात पहिलं काय आलं? धाकटीनं हे बघू नये. शेळी मरायला टेकली अन् हिला लाजेची पडली!

गुरांचा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो, आला तर. मधले सगळे दिवस वीस वर्षं मी, थोरलीनं, निभावले—अडलेली करडं मी ओढली, फुगलेली पोटं मी चोळली. आणि धाकटी, माझी जाऊ, दोन दिवस शेळ्यांचं शिकून आली, पापणीच्या रंगावरून अंगात रक्त किती ते सांगणारं कार्ड गळ्यात अडकवून... परवा शेजारीण माझ्याच दारात उभी राहून विचारते,

"डॉक्टरीणबाई आहेत का?"

"मी आहे की."

"तुम्ही नव्हे हो, त्या खऱ्या!"

खऱ्या.

"ताई, जंताचं औषध सरसकट नका पाजू," धाकटी म्हणाली होती, "जंत रक्त पितात; पापणी पांढरी दिसेल तिलाच द्या. नाहीतर जंत त्याला सरावतात." म्हणूनच, मुद्दाम, महिन्यात तीनदा सगळ्या कळपाला पाजलं, शेवटचं आठच दिवसांपूर्वी... आणि जंत सरावले. तिचं खरं ठरलं, तेही माझ्या हातानं.

धाकटी आलीच. बादली ठेवून गुडघ्यांवर बसली. एखादा टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं.

"औषध कधी दिलंत, ताई?"

"दिलंच नाही. तूच नको म्हणालीस ना?"

किती सहज निघालं! धाकटी पिचकारीत तेच जुनं औषध भरू लागली. दुसऱ्या औषधाची बाटली तिच्या पिशवीत होती, पण ती बाटली निघायची तर जुन्याला जंत सरावलेत हे धाकटीला कळायला हवं. न कळलं तर... उद्या तांबडी आडवी होईल, आणि कुणाच्या हातून? डॉक्टरीणबाईंच्या. मग शेजारीण कुणाला हाक मारील? थोरली शेळीकडे नाही, धाकटीच्या हातांकडे बघत होती, हावऱ्यासारखी. तांबडीनं सवयीनं तिच्या मांडीला अंग टेकलं; आत करडू हललं, इवलीशी लाथ तिला लागली.

"थांब. दिलंय मी, महिन्यात तीनदा."

धाकटीचा हात थांबला. तिनं वर पाहिलं, आणि पिशवीतली दुसरी बाटली काढली. हेवा कुठे गेला नव्हता, छातीत तसाच धगधगत होता—फक्त झाकायला काही उरलं नव्हतं. थोरलीचा अंगठा अजून तांबडीच्या पापणीवर होता, आणि आपलीच पापणी कुणी ओढून धरलीय, आतला रंग बघतंय, असं तिला वाटत राहिलं...