मानाची सीट

मी एक जुनी सीट आहे, मित्रांनो, पण साधीसुधी नव्हे. विमानातली, तेविसाव्या रांगेतली, खिडकीशेजारची. सध्या मुक्काम कुंडल, बनुबाईंच्या छपरातल्या पुढच्या खांबाजवळ. मी आभाळात इतकी हिंडले आहे की काही ढग मला ओळखून बाजूला सरकायचे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे एका धिप्पाड माणसाने माझ्यावर सत्तर वेळा उडी मारून पाहिली. मी मोडेना, तेव्हा तो रुसून घरी गेला. मग मला विमानात बसवलं.

ती पहिली कंपनी. तिचं नाव आपण राजहंस धरू. थाट काय विचारता! बसल्या बसल्या काजूची वाटी, मग गरम जेवण. पुढच्या बाजूला पडदा आणि पडद्यापलीकडे आठ रुंद खुर्च्या, मानकऱ्यांच्या. मानकरी हमखास उशिरा यायचे. ते येईपर्यंत मागचे दीडशे लोक घड्याळ बघत बसायचे. त्यात राजहंसाकडे पाच जातींची विमानं. एकाचा नट दुसऱ्याला बसायचा नाही, एकाचा मिस्त्री दुसऱ्याला हात लावायचा नाही. एकदा आमचा एक स्क्रू मिळेना म्हणून आम्ही जमिनीवर उभे राहिलो. इतके दिवस, की चाकाजवळ एका टिटवीने अंडी घातली, उबवली, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, आणि आम्ही तिथेच!

एक दिवस राजहंस बुडाली. आमचं विमान सीटांसकट दुसऱ्या कंपनीने घेतलं. तिला चिमणी म्हणू. चिमणीकडे सगळी विमानं एकाच जातीची. पडदा काढून टाकला. रुंद खुर्च्या गेल्या. काजू गेले. पाणीसुद्धा विकत! लोक कुरकुरायचे आणि तिकीट स्वस्त म्हणून पुढच्या महिन्यात परत यायचे. विमान उतरलं की पंचवीस मिनिटांत पुन्हा वर. ज्या मुली पाणी विकायच्या त्याच भराभर कचरा उचलायच्या. एक गृहस्थ माझ्यावर गाढ झोपले, तर उठवायलाही कुणाला सवड झाली नाही. ते दोनदा दिल्लीला जाऊन आले. खोटं वाटत असेल तर माझ्या डोक्याशी त्यांच्या तेलाचा डाग अजून आहे.

राजहंसाचे साहेब काही अडाणी नव्हते. पण विमान हवेत असतं तेव्हाच कमावतं आणि जमिनीवर असतं तेव्हा नुसतं खातं, एवढी गोष्ट त्यांना काजूच्या वाटीआड दिसली नाही. मी सीट. मला विचारतंय कोण?

पुढे चिमणीने पातळ सीटा आणल्या, म्हणजे जास्त माणसं मावतात. मी भंगारात निघाले आणि फिरत फिरत कुपवाडच्या एका वर्कशॉपच्या दारात येऊन पडले. तिथे मला लालासाहेबांनी पाहिलं.

लालासाहेब वीस वर्षं फौजेत ड्रायव्हर होते. जन्मात एकदाच विमानात बसले, तेही मालवाहू, जाळीच्या बाकावर, खिडकी नसलेल्या. तेव्हापासून खिडकीशेजारची सीट त्यांच्या मनात राहिली होती. आता ते कुंडल ते सांगली वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी, जीप चालवत. तसलीच, त्याहून जुनी जीप धनपालची होती. तरी धनपालच्या दिवसाला पाच खेपा व्हायच्या आणि लालासाहेबांच्या जेमतेम चार. त्यांनी घरी बायकोला, बनुबाईंना, सांगून टाकलं होतं, "दसऱ्यापतूर धनपालची बरुबरी झाली न्हाई, तर जीप इकतो आन् कुपवाडात कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून हुबा ऱ्हातो."

माझ्याकडे बघून त्यांना वाटलं, हिच्या पायी गिऱ्हाईक धावत येईल. ड्रायव्हरशेजारी दोघं बसत, तिथे माझी एकटीची स्थापना झाली. अख्खं गाव बघायला आलं. पोरं माझा पट्टा लावून काढत होती. मित्रांनो, एवढं कौतुक माझं आभाळातसुद्धा झालं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून खेपा चाराच्या तीन झाल्या.

का, ते बनुबाईंना कळेना. दसऱ्याला आठवडा राहिला, तेव्हा सांगलीला बाजाराला जायच्या निमित्ताने त्या स्वतःच जीपमध्ये मागे येऊन बसल्या. गाडी भरली होती. फक्त मी रिकामी होते. खाली सोसायटीचे माजी चेअरमन नानासो आणि म्हातारे अर्जुना पैलवान एकमेकांसमोर हात जोडून उभे.

"नानासो, बसा की फुडं."

"छ्या, छ्या! पैलवान, तुमी वयानं थोरलं. तुमी बसा."

"आवं, म्या कसला थोरला? तुमी माजी चेअरमन."

"माजी म्हणून टोचायलाय व्हय?"

झालं! नानासो फुगून मागे जाऊन बसले. ते मागे बसल्यावर पैलवानांना पुढे बसणं बरं दिसेना. लालासाहेब खाली उतरून दोघांची समजूत घालू लागले. साध्या बाकावर मान नसतो, म्हणून तिथे कुणीही ढकलून बसतं. मी आल्यापासून प्रत्येक खेपेला मानपान सुरू झाला होता. तेवढ्यात धनपालची जीप धुरळा उडवत शेजारून गेली.

"लालासाब, हार घाला त्या सीटला, नारळ फोडा, मग निघा सावकाश!"

सगळी गाडी हसली. बनुबाई हसल्या नाहीत.

"आवं, ही गाडी हाय का लग्नाचा मांडव?" त्या म्हणाल्या. "तुमचा मान ठरंस्तवर त्यो सांगलीत भडंग खाऊन माघारी यील."

"पर लोक खूश हायती की."

"खूश हायती, पर हलत्यात कुठं?"

मला राजहंसाचा पडदा आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई पाना घेऊन आल्या आणि माझे बोल्ट खोलू लागल्या. लालासाहेब दाराशी उभे होते.

"इमानाची हाय गं ती."

"मग इमानात न्हिऊन लावा."

शेवटचा बोल्ट गंजला होता, तो लालासाहेबांनीच खोलला.

माझ्या जागी जुनं बाक आलं. दोघं बसू लागली. कोण थोरला, कोण धाकटा, कुणी विचारेना, आणि गाडी भरली की लालासाहेबही कुणासाठी थांबेनात. पहिल्या दिवशी खेपा चार झाल्या, तिसऱ्या दिवशी पाच. दसऱ्याला जीपला झेंडूचा हार पडला आणि ती विकली गेली नाही. धनपाल आपट्याची पानं द्यायला आला आणि म्हणाला, "झाला न्हाईस गड्या वॉचमन! आता मलाच घाई कराय पायजे."

तो गेल्यावर लालासाहेब छपराखाली आले. ड्रायव्हर असल्यामुळे ते आजवर माझ्यावर कधी बसलेच नव्हते. आता बसले. पट्टा लावला. समोर गोठ्याची खिडकी होती, तिच्यातून म्हैस बघत होती.

"पाणी आण की गं," ते डोळे मिटून म्हणाले.

"ह्या इमानात पाणी इकत हाय," बनुबाई म्हणाल्या, आणि तांब्या घेऊन आल्या.

दहा मिनिटांनी त्यांनीच हाक मारली, "उठा आता. माणसं खोळंबल्याती." लालासाहेबांनी पट्टा सोडला आणि सहावी खेप धरली.

मित्रांनो, वस्तू जपा, एवढीच माझी विनवणी. मला पावसात टाकू नका, माझा पट्टा तोडू नका. पण मला मानही देऊ नका. बसा, दम खा आणि वेळेवर उठा.

लालासाहेब गेले की माझ्यावर एक कोंबडी येऊन बसते, तासन् तास. तिला मात्र बनुबाई उठवत नाहीत. ती बसूनच कमावते.