सहाच्या बसची बाजू

वक्तृत्वाचे सर म्हणजे वादात कुणाला हार न जाणारा माणूस. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांकडून एकच घोकून घेतलं: आधी मुद्दा, मग दाखला, आणि दाखला खरा हवा, वार-वेळेसकट. घरीही तोच खाक्या. लेकीनं आपल्या पसंतीनं लग्न करायचं म्हटलं, तेव्हा तीन मुद्दे आणि दोन दाखले देऊन तिला निरुत्तर केलं. "जिंकलात बाबा," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. जाताना एवढंच बोलली, "वाटलं तर येईन, सहाच्या बसनं."

झालं. तेव्हापासून सहा वर्षं सर रोज सहाला थांब्यावर हजर. अंगात ताप असला तरी मफलर गुंडाळून जायचे. लेकीच्या आठवणीनं जीव नुसता तीळ तीळ तुटायचा.

आता तीच बस बंद करायचं घाटत होतं. सुनावणी ठेवली, तशी सर मुद्द्यांची कार्डं लिहून, दाढी घोटून पहिल्या रांगेत जाऊन बसले. बस गेली तर लेक येणार कशानं?

बोलले मात्र झकास. बस आहे म्हणून आजारी माणूस दवाखाना गाठतो, दवाखाना गाठतो म्हणून जगतो. मग बस बंद करणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. टाळ्या पडल्या.

समोरची वाहतूक अधिकारी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती बरी सोडेल!

"सर, मुद्दा पटला. दाखला? तुमच्या थांब्यावर शेवटचं कोण उतरलं?"

सरांच्या ओठावर एक म्हातारी आली होती, हातात औषधांची पिशवी घेतलेली. ती त्यांनी तशीच गिळली. खोटा दाखला जन्मात दिला नव्हता.

"कुणीच नाही," ते म्हणाले. "सहा वर्षं मी रोज तिथं उभा असतो. ड्रायव्हर बिचारा माझ्यासाठी दार उघडतो. माझी लेक यायची आहे."

आपल्याच हातानं त्यांनी आपली बाजू पाडली होती.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, आता मी एक मुद्दा मांडू? जी बस तिकडून येते, ती फिरून तिकडेच जाते. आणि महिनाअखेरपर्यंत ती चालू आहे."

सरांनी कार्डं गोळा केली. जगाला तर्क शिकवला, आणि दिव्याखाली हा अंधार. सहा वर्षं दार उघडत होतं, चढायचं काही सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बसचं दार उघडलं. सरांनी कार्डं थांब्याच्या बाकावर ठेवली आणि पायरी चढून तिकीट मागितलं.

"परतीचंही देऊ?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ते लेकीला विचारून सांगतो," सर म्हणाले.