काळ्या वायरीवरचा लाल दोरा

आमच्या जावईबापूंना जिथे तिथे घाण दिसते. बसायच्या आधी ते खुर्ची पुसतात, आणि ती खुर्ची मी सकाळीच पुसलेली असते. फडताळातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे रांगेत लावले, तेव्हा मी दोन दिवस चहात मीठ घातलं आणि माझ्या धाकानं सगळ्यांनी तो प्यायला. औषधांच्या दुकानात नोकरी त्यांची. दिवसभर बाटल्या सरळ करायच्या. तिथे हौस भागत नाही म्हणून उरलेली माझ्या घरात.

लेक आणि जावई माझ्याकडे राहायला येऊन दोन महिने झाले. त्यांच्या घराचं काम निघालंय. लेक शिवणकाम करते. कापड कापायला तिनं मधल्या खोलीतलं मोठं टेबल घेतलं आणि तिथून हे प्रकरण सुरू झालं. त्या टेबलावरचा दिवा यांनी लावलेला. यांनी म्हणजे माझ्या नवऱ्यानं. ते जाऊन अकरा वर्षं झाली, दिवा आहे. काचेचा गोळा आणि आत पिवळा बल्ब. त्या उजेडात मी तीन पोरं जेवू घातली, एकाच्याही घासात खडा गेला नाही.

पण लेकीनं त्याच उजेडात गडद निळ्या कोटाची बाही काळ्या दोऱ्यानं शिवली. गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं. गिऱ्हाईक म्हणजे नवरदेव. उद्या सकाळी हाच कोट घालून तो लग्नाला उभा राहणार. लेकीचं तोंड एवढंसं झालं.

जावई म्हणाले, चूक हिची नाही, दिव्याची आहे, मी आजच नवीन बसवतो. मी म्हटलं, वायरमनला बोलवा. तर म्हणे, चार वायरी जोडायला माणूस कशाला. अगदी यांच्यासारखं बोलले. यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पण दुसऱ्याला घरात बोलावणं म्हणजे कमीपणा. मग मीही अट घातली. दिवेलागणीपर्यंत तुमचा दिवा नीट लागला तर राहील. नाही लागला तर गोळा होता तिथे जाईल, आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. मला वाटलं, जावई बिचकतील. ते नुसतं 'बरं' म्हणाले.

काम मात्र पद्धतशीर, हे मी नाकारत नाही. मेन बंद केला आणि त्याच्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. घरात माणसं तीन. एक शिडीवर, एक मशीनवर. चिठ्ठी कुणासाठी होती ते माझ्या लक्षात आलं. मग त्यांनी शिडी पुसली आणि चढले. गोळा उतरवून लेकीच्या हातात दिला, छतातल्या गोल डबीचं झाकण काढलं, तर आत चाळीस वर्षांची धूळ. माणूस खुलला. फडक्यानं एकेक वायर पुसली, सगळा केर कागदात धरला आणि खाली येऊन कौतुकानं मला दाखवला. मेलेले किडे, चुन्याच्या खपल्या आणि मधोमध लाल दोऱ्याचा तुकडा, गाठीसकट.

तो दोरा मी ओळखला. पण बोलले नाही.

डबीत तीन काळ्या वायरी होत्या आणि तीन लाल. नीटनेटका माणूस काय करणार? काळ्यांत काळ्या, लालांत लाल, वरून टेप. नवा दिवा टांगला, मेन चालू केला आणि दिवा लखलखला. बटण न दाबताच. जावयांनी बटण दाबलं, तर खटकन मेन पडला आणि फ्रिजसकट सगळं घर गप्प. मी म्हटलं, बरं झालं, आता दिवा लावायचा तर बटण बंद करायचं आणि घर झोपवायचं तर चालू. लेक हसली आणि मग हसल्याबद्दल तिला वाईट वाटलं.

त्यांनी बटण बदललं. पुन्हा तेच. लेक म्हणाली, बटणाला कुणी हात लावू नका, दिवा तर लागतोय ना, तेवढ्यात मी बाही उरकते. मी पाणी घेऊन खोलीत आले आणि सवयीनं माझा हात बटणावर गेला. तिसऱ्यांदा काळोख. जावई रागावले नाहीत. म्हणाले, असं ठेवण्यात धोका आहे. मेन बंदच ठेवला आणि शिडीच्या खालच्या पायरीवर गालाला हात लावून बसले. मी घड्याळ पाहिलं. दिवेलागणीला तास राहिला होता. मी जिंकतच आले होते.

लेक कोट घेऊन खिडकीशी गेली. बाहेरचा उजेड उतरत चालला होता. दोन रिळं माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, यातलं निळं कुठलं ग?"

मी रिळं हातात घेतली. चष्म्यातून पाहिली, चष्म्यावरून पाहिली. माझी नजर किती तेज आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, ते मीच सांगितलेलं आहे. मला दोन्ही सारखी दिसली. एखादं दाखवून मोकळी झाले असते. पण नवरदेव उद्या पुन्हा काळ्या टाक्यांत उभा राहिला असता, आणि नाव माझ्या लेकीचं गेलं असतं.

रिळं तिला परत दिली आणि जावयांना सांगितलं, की तुमच्या केरात लाल दोरा आहे, तो मी बांधला होता. हा दिवा लावताना यांनीही काळ्यांत काळ्या घातल्या होत्या. तीनदा फ्यूज गेला, तिन्ही वेळा हे म्हणाले फ्यूजची तारच वाईट. मग कळलं, की त्यातली एक काळी खाली बटणाकडे जाते आणि तिथून लालसारखी वीज घेऊन परत येते. दिसायला काळी, वागायला लाल. अशी माणसं माझ्या सासरीही होती. पुन्हा चुकू नये म्हणून मी माझ्या मशीनवरचा लाल दोरा तिला बांधला.

जावयांनी मान खाली घातली. आता ती काळी ओळखायची कशी? वायरी त्यांनी अशा पुसल्या होत्या, की दोऱ्याचा वळसुद्धा राहिला नव्हता. पण त्यांच्याकडे एक छोटं मीटर होतं, दोन टोकं एकमेकांशी जोडलेली असली की शिट्टी देणारं. मेन बंदच होता. त्यांनी सगळे जोड सोडले. प्रत्येक काळी आपल्या लालबरोबर एकाच नळीतून येते. ते एकेक जोडी मीटरला लावायचे आणि मी खाली बटण दाबायचं, बंद करायचं. पहिली जोडी मुकी. दुसरी मुकी. तिसऱ्या जोडीला मी बटण दाबलं की शिट्टी, बंद केलं की गप्प. मी चार वेळा जास्तच दाबलं.

ती काळी त्यांनी दिव्याच्या एका टोकाला दिली, उरलेल्या दोन काळ्या दुसऱ्या टोकाला, आणि तिन्ही लाल एकमेकींत बांधून दिव्यापासून लांब ठेवल्या. झाकण लावायच्या आधी वरूनच म्हणाले, "आई, लाल दोरा मिळेल का?"

लेकीनं हातभर तोडून दिला. त्यांनी गाठ मारली आणि दोन्ही टोकं अगदी सारखी कापली. स्वभाव.

मेन चालू केला. दिवा लागला नाही. बटण दाबलं, लागला. बंद केलं, विझला. पुन्हा लावला तेव्हा टेबलावरचं निळं रीळ लांबूनसुद्धा निळं दिसत होतं. लेक सुईत दोरा ओवूनच बसली, आमच्याकडे पाहायलाही तिला वेळ नव्हता.

गोळा त्यांनी मधल्या वेळात धुऊन वर्तमानपत्रावर वाळत ठेवला होता. त्याच्यावर नाजूक पानांची वेल होती. त्या वेलीसाठीच मी दुकानात हट्ट धरून तो घेतला होता, आणि नंतर मीच विसरले. मी तिच्यावरून बोट फिरवलं.

जावई शिडी मिटून उभे होते. जागचे हलत नव्हते. मी काय म्हणते याची वाट पाहत होते. मग मीही त्यांना जास्त ताटकळवलं नाही.

"जावईबापू, दिवा पास," मी म्हटलं. "तुमच्या सासऱ्यांनी तीनदा घर काळोखात घातलं होतं. तुम्हीही तीनदा, पण त्यातला एक माझा, म्हणून तुम्ही त्यांच्याहून थोडे बरे. मात्र यापुढे या घरातली घाण काढण्याआधी ती कुणी ठेवली आहे, हे मला विचारायचं. आणि उद्या हा गोळा माझ्या खोलीत लावा. काच हवी तेवढी पुसा. वायरींना फडकं लावलंत, तर मी शिडी काढून घेईन."