मबरूकच्या पोटातलं शिलाई मशीन

मबरूक वर येणार म्हटल्यावर अर्धं इस्माइलिया तलावाच्या काठावर लोटलं. मबरूक म्हणजे मोठी जहाजं ओढणारी, युद्धात तळाला गेलेली बोट. सात वर्षं कालवा बंद, गाव परागंदा, आता कुठे माणसं परतून घरांना दारं-खिडक्या लावत होती; अशात फुकटचा तमाशा कोण सोडेल? पण इन्साफला बोटीचं काडीचं कौतुक नव्हतं. आपलं शिलाई मशीन आत आहे की नाही, एवढंच तिला बघायचं होतं.

तिचा नवरा शहाता मबरूकवर इंजिनवाला होता. युद्धाच्या आठवडाभर आधी "बिघडलंय, दोन दिवसांत दुरुस्त करून आणतो," म्हणून ते मशीन खांद्यावर टाकून घेऊन गेला. मग युद्ध झालं, तलावातून जाणारी कालव्याची वाट अडवायला मबरूक बुडवायचा हुकूम आला, आणि हे गृहस्थ हात हलवत घरी! "वेळच नव्हता," म्हणाला. पुढे झागाझिग शहरातल्या शाळेत, एका वर्गात चार निर्वासित कुटुंबं, अशा जागी इन्साफने हातसुईवर लोकांचे कपडे शिवून पोरं जगवली. डोळे अधू झाले. आणि मनात सतत एकच, मशीन विकलं मेल्याने. नाहीतर पोर्ट सईदच्या त्या चहावालीला दिलं.

"अगं, बोटीतच आहे! देवाशप्पथ!" शहाता म्हणायचा.

"बोट तळाला. शपथ घ्यायला तुझं काय जातंय?"

पाणबुड्यांनी बोटीखालून जाडजूड पोलादी दोर ओवले होते. दोन तरंगत्या क्रेननी ते ताणले, तर आधी नुसता चिखलच ढवळून वर आला. मग धुराडं दिसलं. मग शिंपल्यांनी मढलेला डेक, त्यावर तडफडणारे मासे. लोकांनी एकच गलका केला. बोट उथळात टेकवून पंपांनी पाणी उपसून झालं, तशी इन्साफ झगा वर खोचून फळीवर चढली.

बोट वर काढणाऱ्यांचा मुकादम बयूमी डेकवर उभ्या शहाताकडे बघून हसला. "काय उस्ताद, बोट तू बुडवलीस, आता तुला बुडवायला वहिनी आल्या वाटतं!"

"आत चिखल आहे, तू नको येऊस," शहाता घाईघाईने म्हणाला.

"सात वर्षं चिखलातच होते. बाजूला सर."

इंजिनाच्या खोलीत बयूमीने पाण्याचा फवारा मारला. कोपऱ्यातल्या लोखंडी टेबलावरचा चिखल ओघळला आणि मशीन दिसलं. तेच, मानेवर सोनेरी वेलबुट्टी असलेलं. इन्साफला रडूच फुटलं. बिचाऱ्याला उगाच इतकी वर्षं घालूनपाडून बोलले, असं तिला वाटलं.

"घ्या वहिनी! सुटला निर्दोष!" बयूमी म्हणाला.

तिने डोळे पुसले आणि मशीन उचलायला गेली. ते जागचं हलेना. तिने बुडाशी बोटं फिरवली. अंगठ्याएवढे चार बोल्ट. वरचं तेलकट काळं पुसलं, तर खाली बोटीचा राखाडी रंग, टेबलावर आणि बोल्टांवर सलग एकाच हाताने मारलेला. तिला नवल वाटलं. दोन दिवसांत परत न्यायच्या वस्तूला असं कोण ठोकून बसवतं? तिने गंजलेली पट्टी सरकवून आत पाहिलं. सुई जागेवर, बॉबिन जागेवर. एकही स्क्रू ढिला केलेला नव्हता.

"काय बिघडलं होतं रे याचं?"

बयूमीने पाणी बंद केलं.

"कहवाखान्यात मला 'इन्साफचा नवरा' म्हणायचे," शहाता अखेर म्हणाला. "घर तुझ्या शिलाईवर चालतं म्हणायचे. वाटलं, थोडे दिवस राहू दे इथे."

"थोड्या दिवसांसाठी रंग मारतात?"

इन्साफला वाटलं, यापेक्षा ती चहावाली परवडली असती. तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. त्या भांडणाची सगळी तयारी करून आलेली बाई आता रिकाम्या हातांनी उभी होती. आणि याने सात वर्षं तिच्या हातची शिलाई खाल्ली होती.

तिने बयूमीच्या पेटीतला पाना उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"सोडव."

"गंजलेत, इन्साफ. निघायचे नाहीत."

"मी हाताने शिवलंय सगळं. तू चार बोल्ट काढ."

शहाताने बयूमीकडे पाहिलं. बयूमी दुसरीकडे बघत होता. मग शहाताने गुडघे टेकून पहिल्या बोल्टाला पाना लावला, आणि इन्साफ एक बादली पालथी घालून त्याच्या समोर बसली.